मराठवाड्यांतील दगडी घरें आणि धान्याचीं कोठारें

वास्तुकलेचा इतिहास सांगतांना आपण लेणीं, देवळें, किल्ले आणि मकबरे यांच्यापाशीं थांबतों. छत्रपती संभाजीनगर शहराच्या आसपास तर अशा थांबण्याच्या जागा इतक्या आहेत, कीं पाहुण्याचे चार दिवस त्यांतच निघून जातात. वेरूळचें कैलास लेणें, देवगिरीचा कातळी किल्ला, १७४४ सालची पाणचक्की, बीबीचा मकबरा यांची माहिती शाळेंतल्या मुलालाहि असते. परंतु वेरूळच्या वाटेवर जीं खेडीं लागतात, त्यांतील जुन्या घरांच्या दगडी भिंतींकडे आपली दृष्टि क्वचितच वळते. कैलास ज्या काळ्या पाषाणांत कोरलें आहे, त्याच पाषाणाच्या त्या भिंती आहेत. राजानें तो दगड देवासाठीं कोरविला. कुणब्यानें तो ज्वारीसाठीं रचला. आजच्या भाषणांत मला या दुसऱ्या कामाविषयीं बोलावयाचें आहे.

शेतकऱ्याचें जुनें घर हें आधीं कोठार आहे आणि मग निवासस्थान आहे. भिंत इतकी जाड कां, दार इतकें ठेंगणें कां, छप्पर इतकें जड कां आणि बाहेरच्या अंगाला खिडकी कां नाहीं, या साऱ्या प्रश्नांचीं उत्तरें धान्य, गुरें आणि भय या तीन शब्दांत सांपडतात. या घराचे गुण आणि दोष एकाच मुळांतून निघालेले आहेत. ते आपण वेळेवर ओळखले नाहींत, आणि त्याची किंमत या प्रदेशानें १९९३ सालच्या एका पहाटे मोजली. म्हणून हा विषय केवळ जुन्या वस्तूंच्या आवडीचा राहत नाहीं.

प्रथम दगडाचा विचार करूं. सुमारे साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं पृथ्वीच्या पोटांतून लाव्हारसाचे लोंढे एकामागून एक बाहेर आले आणि थरावर थर साचून दख्खनचें पठार तयार झालें. मलिक अंबरानें १६१० सालीं जेथें आपलें नगर वसविलें, त्या खेड्याचें खडकी हें नांवच येथील जमीन कशी आहे तें सांगतें. हा पाषाण अत्यंत कठीण आहे. घणाखालीं तो फुटतो, पण सरळ चिरत नाहीं. त्याचा चौरस, गुळगुळीत चिरा काढावयाचा म्हणजे पाथरवटाचे पुष्कळ दिवस खर्चीं पडतात. देवळाला व किल्ल्याला तो खर्च परवडे; सामान्य कुणब्याला परवडत नसे. त्यामुळें जोत्याला, कोपऱ्यांना आणि दाराच्या चौकटीभोंवतीं घडीव चिरे, व बाकी सर्व भिंतीला नाल्यांतले गोटे आणि शेतांतून वेंचलेले अनघड दगड, अशी वांटणी ठरून गेली.

दगडाबरोबर मातीचाहि विचार करावा लागतो. आपल्या जुन्या दप्तरांत गांवाचे दोन भाग सांगितलेले असतात: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे कसण्याची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. ही विभागणी महसुलाची आहे, तशीच ती बांधकामाचीहि आहे. काळी माती पाण्यानें फुगते आणि उन्हानें भेगाळते. कापसाला व ज्वारीला ती माउली, पण भिंतीला वैरीण. तिच्यावर पाया घालावयाचा तर ती उकरून मुरूम लागेपर्यंत खालीं जावें लागतें. पांढरी माती ही शेंकडों वर्षांच्या वस्तीनें साचलेली, राखेनें व जुन्या भिंतींच्या चुऱ्यानें मऊ झालेली असते. तीच भिंतीच्या दगडांमध्यें भरावयाची आणि तीच छपरावर पसरावयाची. म्हणजे एका पिढीचें घर पडे आणि त्याच मातीनें पुढच्या पिढीचें घर उभें राही.

आतां एखाद्या सुखवस्तु कुणब्याच्या घरांत क्रमानें प्रवेश करूं. पूर्वीं गांवाला गांवकूस असे, म्हणजे सबंध वस्तीभोंवतीं फिरलेली भिंत. तिच्या वेशींतून आंत आल्यावर अरुंद बोळांतून घराचें दार लागे. दाराच्या आंत ढेळज आणि तिच्या दोन्ही बाजूंस उंच ओटे. आलागेला येथें बसे, आणि औताचें सामान व दोरखंडें हींहि येथेंच ठेवलेलीं असत. ढेळजेपुढें उघडा चौक, चौकाच्या एका अंगाला गोठा, समोर ओसरी, ओसरीमागें माजघर, आणि माजघराला लागून देवघर, स्वयंपाकघर व अंधारी कोठी. माणसें व बैल एकाच दारानें आंत येत. चौकांत आल्यावर त्यांच्या वाटा वेगळ्या होत. दिवेलागणीनंतर दाराला अडसर पडला, कीं बैलजोडी, दुभतें जनावर, पुढच्या पेरणीचें बियाणें आणि वर्षाची ज्वारी, ही घरची सगळी संपत्ति एकाच भिंतीच्या आंत आलेली असे.

भिंती दगडाच्या असल्या, तरी चांगल्या घराचा सांगाडा लांकडाचा असतो. जमिनींत बसविलेल्या घडीव दगडाला तळखडा म्हणतात. त्यावर खांब उभा करावयाचा. ओल व वाळवी यांच्यापासून लांकूड दूर ठेवण्याची ही युक्ति. खांबांवर तुळई, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा किलचांचा दाट थर, त्यावर निंबाचा पाला, पाल्यावर चिखल आणि चिखलावर पांढरी माती चोपून बसवावयाची. या सपाट छपराला माळवद म्हणतात आणि अशा घराला धाब्याचें घर. दोन तुळयांमधील जागा म्हणजे एक खण. घर केवढें आहे हें फुटांत न सांगतां खणांत सांगण्याची चाल होती. माळवदाला मध्यें एक भोंक ठेवीत. त्या साण्यांतून धूर बाहेर जाई आणि उजेडाचा एक कवडसा चुलीपर्यंत येई. पावसाचें पाणी कडेच्या पन्हळींतून बोळांत पडे.

अशा घराच्या भिंती दोन-अडीच फुटांपासून चार फुटांपर्यंत जाड असत. वैशाख-ज्येष्ठांत बाहेरचा पारा चाळीस अंशांच्या वर जातो, तेव्हां या भिंती तापावयाला दिवस लागतो आणि निवावयाला रात्र. दुपारीं माजघरांत गारवा असतो. रात्रीं भिंती ऊब सोडूं लागतात, तोंपर्यंत माणसें अंथरुणें घेऊन माळवदावर गेलेलीं असतात. त्याच माळवदावर पापड-कुरडया वाळत, मिरच्या पसरल्या जात, आणि शेजारणी एकमेकींच्या घरीं जिना न उतरतां जात. छप्पर हें घराचें दुसरें अंगणच होतें.

येथें परदेशांतील एका उदाहरणाकडे वळणें उपयोगाचें होईल. इंग्लंडांतील जुन्या शेतघरांचें वर्णन वाचतांना आपल्याला प्रथम जाणवतें तें तेथील भव्य दगडी बार्न. बार्न म्हणजे खळें आणि कोठार एकाच छपराखालीं आणलेली इमारत. ग्रेट कॉक्सवेल नांवाच्या खेड्यांत ब्यूलीच्या ख्रिस्ती मठाच्या शेतीसाठीं बांधलेलें असें एक बार्न आजहि उभें आहे. तें सुमारे १५० फूट लांब व ४४ फूट रुंद असून, त्याच्या लांकडांतील वार्षिक वलयें मोजून त्याचा काळ इ. स. १२९२ च्या सुमाराचा ठरविण्यांत आला आहे. भिंती दगडाच्या, पण छपराचा मोठा भार उंच दगडी बैठकींवर उभ्या केलेल्या ओकच्या खांबांवर. आपला तळखडा आणि खांब यांचेंच तें थोरलें भावंड म्हणावें.

मग मराठवाड्यांत बार्न कां नाहीं? याचें उत्तर पंचांगांत आहे. इंग्लंडांत कापणी भाद्रपदाच्या आगेमागें होते आणि तिच्यामागून पावसाळी शरद ऋतु व लांब हिंवाळा येतो. पेंढ्या उघड्यावर ठेवल्या तर कुजतील, म्हणून सगळें पीक छपराखालीं आणावयाचें आणि हिंवाळाभर तेथेंच सावकाश झोडपावयाचें. बार्नला समोरासमोर दोन उंच दारें असत. एका दारानें पेंढ्यांनीं भरलेला गाडा आंत येई, आणि उफणणीच्या वेळीं दोन्ही दारें उघडलीं कीं मधल्या वाऱ्यावर भूस उडून जाई. आपल्याकडे रब्बीची ज्वारी माघ-फाल्गुनांत काढणीला येते. त्या वेळीं आभाळ निरभ्र आणि वारा कोरडा असतो. मग छपराची गरज कशाला? शेतांतच जमीन सारवून खळें करावयाचें, मध्यें तिवडा रोंवावयाचा, त्याभोंवतीं बैलांची पात फिरवावयाची आणि तिवईवर उभें राहून वाऱ्यावर धान्य उफणावयाचें. कडब्याची गंज उघड्यावरच रचली जाते. इंग्रज शेतकऱ्याला पावसापासून पेंढी राखावयाची होती. आपल्या शेतकऱ्याला दुष्काळापासून दाणा राखावयाचा होता. म्हणून आपलें खळें बिनछपराचें राहिलें आणि कोठार मात्र बिनखिडकीचें झालें.

या कोठाराचे प्रकार पाहण्यासारखे आहेत. रोजच्या लागणीचें धान्य कणगींत असे. कणगी म्हणजे बांबूच्या कामट्यांचा किंवा तुरीच्या तुराट्यांचा विणलेला उंच कणगा, शेणामातीनें लिंपलेला. वर्षाच्या बेगमीसाठीं बळद असे. भिंतीच्या पोटांत किंवा दोन भिंतींच्या मध्यें राखलेली ही बंद जागा. तिला दार नसे. माळवदावरच्या भोंकांतून धान्य आंत ओतावयाचें आणि तळाशीं ठेवलेल्या लहान तोंडांतून लागेल तेवढें काढावयाचें. जुनें धान्य आधीं बाहेर येतें आणि नवें वर राहतें, हा व्यवहार येथें आपोआप साधतो. चोराला आंत शिरावयाला वाट नाहीं, आणि धान्याला वारा व ओल यांचा संपर्क नाहीं. धान्यांत निंबाचा पाला व राख घालण्याची रीत होती, तीहि किडीवरचा उपाय म्हणून.

तिसरा प्रकार पेवाचा. जमिनींत मुरमापर्यंत सुरईच्या आकाराचा खड्डा खणावयाचा; तोंड माणूस उतरेल एवढेंच. आंत जाळ करून त्याच्या बाजू कोरड्या व टणक करावयाच्या, तळाला व कडेला भूस आणि कडबा यांचें अस्तर द्यावयाचें, ज्वारी भरावयाची आणि वर दगड ठेवून मातीनें तोंड बुजवावयाचें. अशा पेवांत ज्वारी कित्येक वर्षें टिके. हवा कोंडली जाई, म्हणून कीड जगत नसे. पण त्याच कारणानें पेव उघडतांच आंत उतरणें जिवावर बेते. जाणतीं माणसें तें आधीं पुष्कळ वेळ उघडें ठेवीत. आपल्या भाषेंत एखादी वस्तु एकाएकीं उदंड दिसूं लागली म्हणजे तिचें पेव फुटलें असें आपण म्हणतों. शहरांतल्या ज्या मुलांनीं पेव डोळ्यांनीं पाहिलें नाहीं, त्यांच्याहि तोंडीं हा शब्द आहे.

ही परंपरा किती जुनी आहे, याचा पुरावा पुणें जिल्ह्यांतील घोड नदीकांठच्या इनामगांव येथें मिळाला. डेक्कन कॉलेजनें १९६८ ते १९८३ या काळांत तेथें उत्खनन केलें. तेथील ताम्रपाषाणयुगीन वस्ती तीन हजार वर्षांहूनहि जुनी आहे. तींत एक पांच खोल्यांचें मोठें घर सांपडलें आणि त्याला लागूनच धान्याचें कोठार, त्यांत पेवासारखा खड्डा व कणगी ठेवण्याचे गोल चौथरे. तें घर गांवच्या मुख्याचें असावें असें संशोधकांनीं मानलें आहे. गांवाचा प्रमुख आणि गांवाचें कोठार शेजारीं शेजारीं, ही मांडणी पुढें पाटील-देशमुखांच्या गढींत आपल्याला जशीच्या तशी दिसते.

राजांनाहि हेंच शास्त्र वापरावें लागलें. पन्हाळगडावरील अंबरखान्यांत गंगा, यमुना व सरस्वती अशा तीन दगडी कोठ्या आहेत. त्यांतील सर्वांत मोठ्या गंगा कोठींत २५,००० खंडी धान्य मावे असें सांगतात. तिच्या छताला प्रत्येक खणांत एक भोंक आहे आणि वर जाण्यास बाहेरून जिने आहेत. वरून ओतावयाचें आणि खालून काढावयाचें! कुणब्याच्या बळदाचाच हा किल्ल्यावरचा अवतार. १६६० सालीं सिद्दी जौहराचा वेढा महिन्यामागून महिने चालला असतां शिवाजीमहाराज याच गडावर होते. अशा वेळीं तटाइतकाच आधार कोठाराचा असतो. याच्या उलट गोष्ट देवगिरीची. १२९६ सालीं अल्लाउद्दीनानें देवगिरीवर अकस्मात् चाल केली, तेव्हां रामदेवराव किल्ल्यांत शिरला. परंतु धान्याचीं म्हणून घाईनें वर नेलेलीं पोतीं उघडून पाहतां मिठाचीं निघालीं, अशी हकीकत जुन्या तवारिखांत आहे. तिचा शब्दन् शब्द खरा मानण्याची आवश्यकता नाहीं. एका राज्याचें भवितव्य कोठारांतल्या पोत्यावर ठरूं शकतें, हें त्या काळच्या लोकांना पटण्यासारखें होतें, एवढें तिच्यावरून निश्चित समजतें.

राज्यांपेक्षांहि मोठें भय दुष्काळाचें. १६३० ते १६३२ या वर्षांत दख्खनवर जो दुष्काळ आला, त्यानें गांवेंच्या गांवें ओस पडलीं. अवर्षण हा या प्रदेशाचा नेहमींचा पाहुणा आहे. १९७२ सालचा दुष्काळ आठवणारीं, खडी फोडून दिवस काढलेलीं माणसें आज आपल्यामध्यें आहेत. असा पाहुणा केव्हां येईल याचा नेम नाहीं हें ज्याला ठाऊक आहे, तो घर बांधतांना आधीं बळदाची जागा आंखतो आणि मग बिछान्याची.

आतां भयाविषयीं. धान्य आहे तेथें लुटारू आहे. फौजांच्या वाटेवरचा हा मुलूख. देवगिरीच्या पाडावापासून १८१७-१८ सालच्या पेंढाऱ्यांच्या मोहिमेपर्यंत घोडदळाच्या टापा येथें वारंवार वाजल्या. त्या भयानें गढी जन्माला आली. गांवांतल्या उंच जागीं, किंवा मुद्दाम भर घालून उंच केलेल्या जागीं, चार कोपऱ्यांना बुरूज. भिंतीचा खालचा भाग घडीव चिऱ्यांचा, वरचा पांढऱ्या मातीचा किंवा विटांचा. एकच मोठा दरवाजा आणि त्यांत माणूस वांकून जाईल एवढी दिंडी. आंत आड, पेवें, घोड्यांची पागा व धन्याचा वाडा. संकटाच्या वेळीं सगळा गांव गुराढोरांसह आंत येई. वेरूळची पाटीलकी भोसल्यांकडे होती. शिवाजीमहाराजांचे आजे मालोजीराजे यांच्या गढीचे अवशेष तेथें आजहि दाखवितात. मराठवाड्याच्या सीमेस लागून असलेल्या सिंदखेड राजा येथें लखुजी जाधवरावांचा वाडा आहे. जिजाबाईंचा जन्म तेथें १५९८ सालीं झाला. मराठी राज्याच्या कथेचीं दोन्ही घराणीं अशा दगडी, धान्यानें भरलेल्या, भयानें तट बांधलेल्या घरांतून आलीं, हें विसरण्यासारखें नाहीं.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून हें चित्र पुरें होणार नाहीं. या भिंतींचा दगड वडारांनीं फोडला, पाथरवटांनीं घडविला, गवंड्यांनीं व सुतारांनीं घर उभें केलें. परंतु दगड फोडणाऱ्या वडाराचें स्वतःचें पाल बहुधा गांवकुसाबाहेर, कुडाचें किंवा गवताचें असे. महार-मांगांची वस्तीहि कुसाबाहेरच. संकट आलें तर गढीचा दरवाजा कोणासाठीं आधीं उघडे आणि कोणासाठीं उघडतच नसे, हेंहि त्या दगडांच्या इतिहासांतलें एक पान आहे. जुन्या वाड्यांचें कौतुक करतांना तें पान उलटून पुढें जातां येत नाहीं.

श्रोतेहो, आतां १९९३ सालाकडे येऊं. त्या वर्षीं ३० सप्टेंबरच्या पहाटे, चार वाजावयाला कांहीं मिनिटें असतांना, लातूर जिल्ह्यांतील किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला. आदल्या रात्रीं गणेशविसर्जन झालें होतें आणि थकलेलीं माणसें गाढ झोंपेंत होतीं. लातूर व तेव्हांचा उस्मानाबाद, आतांचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसें दगावलीं. कांहीं गणनांप्रमाणें हा आंकडा दहा हजारांच्या जवळ जातो. सर्वांत अधिक हानि झालेलीं ५२ गांवें पुढें नव्या जागीं वसवावीं लागलीं. त्या वेळच्या भूकंपाच्या नकाशांत हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यांत दाखविलेला होता.

इतकीं माणसें एका धक्क्यांत कां गेलीं? अभियंत्यांनीं पडलेलीं घरें पाहिलीं, तेव्हां भिंतींचें पोट उघडें झालें. बाहेरून तीन फूट जाड व अभेद्य दिसणारी भिंत वस्तुतः दोन पातळ भिंतींची होती. एक बाहेरच्या तोंडाची, एक आंतल्या तोंडाची, आणि दोहोंच्यामध्यें लहान दगड व माती यांची भर. दोन तोंडांना एकमेकांशीं बांधणारें कांहींच नव्हतें. चुना महाग, म्हणून जोड चिखलाचा. जमीन हलली तेव्हां हीं दोन तोंडें एकमेकांपासून सुटलीं, फुगलीं आणि ढांसळलीं. वर माळवद होतें. पावसाळ्यापूर्वीं गळती थांबविण्यासाठीं दर वर्षीं त्यावर नव्या मातीचा थर चढे. जुना मात्र कोणी काढीत नसे. दहा फूट लांब व दहा फूट रुंद खोलीवर दोन फूट जाडीची माती असेल, तर ती २०० घनफूट होते आणि तिचें वजन सुमारें ९,००० किलो भरतें. म्हणजे निजलेल्या कुटुंबाच्या डोक्यावर नव्वद पोतीं ज्वारीएवढा भार टांगलेला होता.

त्यांतहि एक भेद दिसून आला. जेथें लांकडी सांगाडा धड होता, तेथें कांहीं घरांचें माळवद खांबांवर उभें राहिलें आणि भिंतीच तेवढ्या कोसळल्या. ज्या गरिबांना खांबांसाठीं लांकूड मिळालें नव्हतें, त्यांच्या कड्या सरळ भिंतींवर टेकलेल्या होत्या. भिंत गेली तेव्हां छप्परहि तिच्याबरोबर खालीं आलें.

भूकंपानंतर गांवोगांवीं एकच वाक्य ऐकूं येऊं लागलें, कीं दगडानें मारलें. त्या दुःखाला उत्तर देण्याचा अधिकार कोणाला नाहीं. तरी निदानाचा प्रश्न उरतोच. इंग्लंडच्या उत्तरेस यॉर्कशायरच्या डोंगराळ दऱ्यांत कुरणाकुरणांतून लहान दगडी गोठे उभे आहेत. खालीं गाई आणि वर त्यांचें गवत. त्यांच्याहि भिंती दोन तोंडांच्या आहेत. परंतु ठराविक उंचीवर लांब दगडांच्या ओळी आरपार घातलेल्या असतात आणि त्यांचीं टोंकें भिंतीबाहेर पायऱ्यांसारखीं डोकावतात. तेथें भूकंपाचें भय नव्हतें. दोन तोंडांची भिंत बांधल्यावांचून टिकत नाहीं, एवढें तेथील गवंड्यांना अनुभवानें ठाऊक होतें. आपल्या देवळांच्या व किल्ल्यांच्या पाथरवटांनाहि लांब दगडानें भिंतीचा गाभा सांधण्याची विद्या अवगत होती. ती कुणब्याच्या घरापर्यंत पोंचली नाहीं, कारण एवढा लांब दगड घडविण्यास मजुरी लागते, आणि शेंकडों वर्षें भिंती पडल्या नाहींत तेव्हां ती मजुरी द्यावी असें कोणास वाटलें नाहीं. १९६७ सालच्या कोयनेच्या भूकंपानें हाच धडा एकदां दिला होता; पण तो सह्याद्रीच्या कुशींत घडला, आणि मराठवाड्यानें तो दूरचा मानला.

दगडी घरें सुरक्षित करण्यासाठीं भारतीय मानक संस्थेनें १९९३ सालींच जे नियम छापले, ते ऐकिले म्हणजे आश्चर्य वाटतें, इतके ते साधे आहेत. भिंतीच्या दर दोन फूट उंचीला, चार-चार फुटांच्या अंतरावर, एक दगड आरपार घालावा. कोपऱ्यांत लांब दगडांनीं दोन भिंती एकमेकींत गुंतवाव्या. दारांच्या वर व भिंतीच्या माथ्यावर चहूंबाजूंनीं फिरणारा सलग पट्टा द्यावा, म्हणजे घर पेटीसारखें एकजीव राहील. छपराचा भार हलका ठेवावा. उभ्या असलेल्या जुन्या भिंतींत भोंकें पाडून, त्यांत सळई व काँक्रीट भरून आरपार दगडाचें काम करून घेतां येतें. किल्लारीनंतर तसे प्रयोग या भागांत झालेहि. यासाठीं परक्या वस्तूंची जरूर थोडीच पडते. जरूर पडते ती जाणत्या गवंड्याची आणि घरमालकानें एकदां माळवदावर चढून तेथील माती किती साचली आहे हें मोजण्याची.

नव्या वसाहतींत रस्ते रुंद आले, घरें सुटीं सुटीं झालीं आणि भिंती पातळ झाल्या. माणसें रात्रीं निश्चिंत झोंपूं लागलीं, हा लाभ लहान नाहीं. परंतु पातळ भिंतीचें घर चैत्रापासून तापतें, आणि त्याच्या आराखड्यांत बैलाला, कडब्याला व वर्षाच्या ज्वारीला जागा शोधावी लागते. त्यामुळें जुन्या घराचें काय टाकावें आणि काय ठेवावें, हा प्रश्न सुटलेला नाहीं. जाड भिंतीचा गारवा, चौकाचा मोकळेपणा, लांकडी खांबाचा लवचिकपणा आणि धान्य कोंडून ठेवण्याचें शास्त्र, हीं ठेवण्यासारखीं आहेत. सुटीं तोंडें, चिखलाचा जोड आणि वर्षानुवर्षें वाढत जाणारें माळवद, हीं टाकण्यासारखीं आहेत.

हैदराबाद संस्थानांतील जहागिरी १९४९ सालीं रद्द झाल्या आणि गढ्यांचा कारभार संपला. आज कित्येक गढ्यांचे बुरूज दर पावसाळ्यांत थोडेथोडे विरघळत आहेत. कोणी पांढरी माती उचलून नेतो, कोणी चिरे काढून नव्या जोत्याला लावतो, कोणी कोरीव खांब विकून टाकतो. मोठ्या वास्तूंची नोंद सरकारच्या दप्तरीं होते. कुणब्याचें घर, त्याचें बळद आणि त्याचें पेव यांची नोंद कोण करणार? ती शहरांत शिकलेल्या त्याच घरच्या मुलांनीं करावयाची आहे. पुढच्या सुटींत गांवीं गेल्यावर टेप घेऊन भिंतीची जाडी मोजावी, खणांची संख्या लिहावी, बळद कोठें होतें तें घरांतल्या म्हातारीला विचारावें आणि तिनें वापरलेला शब्द तसाच टिपून ठेवावा. आणि त्या घरांत अजून कोणी राहत असेल, तर माळवदावरची जादा माती पावसाळ्याच्या आधीं खालीं उतरवून घ्यावी.